त्या कॉम्प्युटर होत्या: आठ फलकांच्या कामाची नोंदवही

३ जून २०२४

वाचनालयाच्या जिन्यालगतची भिंत मोकळी झाली. ओल येते म्हणून तिथं कपाट ठेवता येत नाही. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "तुमचं ते शब्दांचं काहीतरी चालू असतं ना, ते लावा इथं." आठ सनबोर्ड, प्रत्येकी १८ बाय २४ इंच. एका फलकावर ९० शब्दांच्या वर जायचं नाही, कारण जिन्यात उभं राहून कुणी निबंध वाचत नाही. मुदत जुलैच्या मध्यापर्यंत.

विषय डोक्यात होताच. 'कॉम्प्युटर' हा इंग्रजीत तीनशे वर्षं आकडेमोड करणाऱ्या माणसाचा हुद्दा होता. यंत्राचं नाव म्हणून तो रुळला, त्याला अजून शंभर वर्षंही झालेली नाहीत. आपल्याकडे शब्द आला तो थेट यंत्राच्या डब्यावर चिकटून, त्यामुळे त्याचा आधीचा जन्म मराठीला माहीतच नाही. तो जिन्यात लावायचा.

पहिल्याच ओळीला ठेच लागली. अठराव्या शतकात हे काम करणाऱ्या एका इंग्रज बाईंबद्दल "मेरी एडवर्ड्स संगणक होत्या" असं लिहिलं आणि मोठ्यानं वाचून पाहिलं. मेरीबाईंच्या अंगाला की-बोर्ड फुटल्यासारखं वाटलं. खोडलं.

५ जून

मूळ लॅटिन 'पुतारे'. अर्थ आधी छाटणं, मग छाटून स्वच्छ करणं, मग हिशेब साफ करणं, मोजणं. अवयव कापण्याला डॉक्टर 'अँप्युटेशन' म्हणतात, तेही याच धातूचं. द्राक्षवेलीची छाटणी आणि लॅपटॉप यांचं मूळ एक, हे नाशिककडच्या वाचकाला आवडेल. पण ९० शब्दांत बसेना, बाजूला ठेवलं.

इंग्रजी छापील वापर १६१३ पासून सापडतो. तिथं 'कॉम्प्युटर' म्हणजे काळाचा हिशेब करणारा. सतराव्या शतकात बहुतेक ठिकाणी दिनदर्शिका, सणवार, ग्रहणं मांडणाऱ्या माणसासाठी शब्द येतो. आपल्या भाषेत सांगायचं तर पंचांगकर्ता.

आज 'संगणक' या शब्दाकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. लेखक, गायक, शिक्षक, सेवक, संगणक. प्रत्यय तोच, म्हणजे घडण माणसाच्या नावाची. ज्यानं कुणी हा शब्द यंत्राला दिला त्यानं कळत-नकळत इंग्रजीचीच खोड उचलली: काम करणाऱ्याचं नाव काम करणाऱ्या वस्तूला. असं आपण सर्रास करतो म्हणा. एसटीतला वाहक तिकीट फाडतो आणि भौतिकशास्त्राच्या पुस्तकातला वाहक तांब्याचा असतो. वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर तळाशी 'मुद्रक' म्हणून अजून माणसाचं नाव छापतात, घरातला प्रिंटर मात्र टेबलावर बसलेला असतो.

९ जून

आज दिवसभर नॉटिकल अल्मनॅक, म्हणजे खलाशांचं पंचांग. हा फलक सगळ्यात भरगच्च होणार.

जहाज समुद्रात नेमकं किती पूर्वेला किंवा पश्चिमेला आहे हे काढण्याची एक रीत होती: चंद्र आणि एखादा तारा यांच्यातलं कोनीय अंतर मोजायचं, आणि त्या अंतराला ग्रीनिचला किती वाजले असतील ते तक्त्यात पाहायचं. तक्ता आधीच छापलेला हवा. ग्रीनिचचे राजज्योतिषी नेव्हिल मॅस्कलिन यांनी तो १७६७ या वर्षापासून काढायला सुरुवात केली. दर तीन तासांचं चंद्राचं अंतर, वर्षाचे सगळे दिवस. त्यात एका कलेची, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाची चूक झाली की विषुववृत्तावर जहाज ३० सागरी मैल भलतीकडे दिसणार. किनारा नाही असं समजून रात्री शीड ताणलं, की खडकावर.

हे आकडे वेधशाळेत बसून कुणी काढत नव्हतं. इंग्लंडभर विखुरलेली माणसं घरच्या टेबलावर काढायची: कुणी शाळामास्तर, कुणी पाद्री. त्यांना कॉम्प्युटर म्हणायचे. मॅस्कलिन सूचना आणि कोष्टकं टपालानं पाठवायचे, ही मंडळी महिनाभराचा चंद्र सोडवून परत टपालात टाकायची. एकच महिना दोन वेगवेगळे कॉम्प्युटर एकमेकांना न भेटता सोडवायचे. मग दोन्ही कागद तिसऱ्याकडे जायचे, तो 'कम्पेरर', ताडून पाहणारा. बरीच वर्षं हे काम मॅलकाय हिचिन्स या पाद्र्यानं केलं.

तरी माणसं ती माणसंच. १७७० च्या सुमारास दोघा कॉम्प्युटरांनी आपापसांत उत्तरं जुळवून मग पाठवायला सुरुवात केली. ताडून पाहणाऱ्याच्या लक्षात आलं, दोघांची कामं गेली. परीक्षेच्या हॉलमध्ये पकडलेल्या जोड्या आठवल्या. दोघांची चूक एकाच ठिकाणी आली की मास्तरांना पुरावा लागत नाही.

मेरी एडवर्ड्स लडलो गावच्या. काम नवऱ्याच्या, जॉन एडवर्ड्सच्या नावावर यायचं, पैसेही त्याच्याच नावावर. बहुतेक हिशेब बाईंचेच असायचे. १७८४ मध्ये तो वारला तेव्हा बाईंनी कामासाठी स्वतःच्या नावानं विनंती केली आणि मॅस्कलिननी काम चालू ठेवलं. पुढे तीस वर्षं, १८१५ मध्ये वारेपर्यंत, त्या कॉम्प्युटर होत्या. नंतर मुलगी एलायझा. १८३२ च्या सुमारास सगळं काम लंडनच्या कचेरीत गोळा केलं आणि नोकरीच्या नियमात बाई बसेना, म्हणून एलायझाचं काम थांबलं. घरून काम होतं तोवर बाईंना काम होतं, कचेरी आली तशी बाई बाहेर.

शब्द मोजले: २३०. नव्वदात कसं कोंबायचं ते उद्या.

१० जून

कोंबलं नाही. त्याऐवजी भाच्याला बसवलं. आठवीत आहे, सुट्टी संपत आली आहे, कंटाळला आहे. जिन्यात मुलांसाठी एक करून पाहण्याचा खेळ हवा, तो त्याच्यावर तपासला.

त्याला १२ ते १७ चे घन काढायला लावले, कॅल्क्युलेटर नाही. १७२८, २१९७, २७७४, ३३७५, ४०९६, ४९१३. मग म्हटलं, आता शेजारशेजारच्या आकड्यांतला फरक काढ.

४६९, ५७७, ६०१, ७२१, ८१७.

"आता फरकांचा फरक."

१०८, २४, १२०, ९६.

"आता त्यांचाही."

उणे ८४, ९६, उणे २४.

घनांच्या तिसऱ्या फरकात सगळीकडे ६ यायला हवा, दुसरं काहीही नाही. त्यानं कागद माझ्याकडे सरकवला, "आत्या, हे ६ कुठंयत?" कुठंच नव्हते. दोघांनी मिळून शोधलं: १४ चा घन २७४४, यानं लिहिला २७७४. ४ च्या जागी ७. एका अंकाची चूक वरच्या ओळीत दिसतही नव्हती. खाली उतरता उतरता ती फुगत गेली, तीसची नव्वद झाली, आणि दोन्ही बाजूंना उलटसुलट चिन्हांनी पसरली. तक्ते तपासणारे हेच करायचे. चूक कुठंय हे शोधायला मूळ गणित पुन्हा करावं लागत नाही, वजाबाक्या पुरतात.

दुरुस्त करून पुन्हा केलं. ६, ६, ६. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते फलकावर लिहिता येणार नाही. खेळ पक्का.

१४ जून

निकोल-रेन लेपोत यांचा फलक काढून टाकला. जिवावर आलं.

गोष्ट अशी, की हॅलेचा धूमकेतू परत कधी येणार हे काढायला गणिती क्लेरो, खगोलज्ञ लालांद आणि लेपोतबाई पॅरिसमध्ये सहा महिने सकाळपासून रात्रीपर्यंत आकडे मांडत बसले, जेवतानाही हिशेब चालू. गुरू आणि शनी धूमकेतूला किती ओढतात हे एकेका अंशाला. उत्तर आलं, १७५९ च्या एप्रिलचा मध्य. धूमकेतू सूर्याजवळून १३ मार्चला गेला. दीडशे वर्षांतल्या कक्षेचा हिशेब आणि चूक महिन्याची. क्लेरोनं नंतर पुस्तक काढताना बाईंचं श्रेय गाळलं.

पण बाई फ्रेंच, भोवतालची भाषा फ्रेंच. त्यांना कुणी 'कॉम्प्युटर' म्हटलं नाही. माझे फलक त्या इंग्रजी शब्दाचे आहेत, आकडेमोडीच्या इतिहासाचे नाहीत. एकदा दार उघडलं की मग फ्रान्समधले तक्ते करवून घेणारे द प्रोनी येणार, त्यांचे ते केशभूषा सोडून बेरजा-वजाबाक्या करणारे लोक येणार, आणि आठाचे अठरा फलक होणार. बंद.

१५ जून

पाऊस. वीज दुपारी दोनला गेली, सहाला आली. काही झालं नाही.

१८ जून

आज मराठी प्रतिशब्दाचा निकाल लावायचाच असं ठरवून बसले. उमेदवार आणि त्यांच्याबद्दलचं माझं मत:

'हिशेबनीस' म्हटलं की पैशांचा वास येतो. चंद्राच्या हिशेबाला तो चालत नाही. 'कारकून' म्हटलं की काम काय ते कळत नाही. 'गणितज्ञ' हे फार वरचं; हे लोक नवं गणित रचत नव्हते, दिलेल्या रीतीनं उत्तर काढत होते, आणि त्या दोहोंतला फरक हीच या शब्दाची जात आहे. 'आकडेमोड्या' हा मला स्वतःला फार आवडला, पण ग्रंथपाल बाई म्हणाल्या की हे घरफोड्यासारखं वाटतं. बरोबर आहे.

उरला 'गणक'. जुना, स्वच्छ शब्द. मोजणारा, आणि ज्योतिषीही. भास्कराचार्यांनी ब्रह्मगुप्ताला 'गणकचक्रचूडामणि' म्हटलंय, म्हणजे शब्दाला इज्जत आहे. ज्योतिषी हा दुसरा अर्थ आड येत नाही, उलट मदतच करतो: नॉटिकल अल्मनॅक आणि पंचांग ही एकाच कामाची दोन पुस्तकं. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० मध्ये 'ग्रहलाघव' रचलं ते याचसाठी, की ज्या-कोज्येच्या, म्हणजे साइन-कोसाइनच्या, भानगडीत न पडता गावोगावच्या माणसाला ग्रह मांडता यावेत. मॅस्कलिन टपालानं ज्या सूचना पाठवायचे त्यांचा हेतू वेगळा नव्हता.

दोन तास मी खूश होते. मग हार्वर्डच्या फलकावर आले आणि स्त्रीलिंग करायला गेले. गायक-गायिका, लेखक-लेखिका, गणक...

गणिका.

पेन ठेवलं. चहा केला. हार्वर्डच्या वेधशाळेत ताऱ्यांची प्रतवारी लावणाऱ्या बायकांना मी जिन्यात उभं करून गणिका म्हणणार होते, तेही वाचनालयात. संस्कृतानं पुरुषाला मोजायला बसवलं आणि बाईला कोठ्यावर. शब्दांत असे अपघात असतात, पण हा फार जोरात बसला.

सुटका जनगणनेनं केली. घरोघरी माहिती घ्यायला येतात त्यांना 'प्रगणक' म्हणतात, आणि येतात त्यातल्या कितीतरी शिक्षिका असतात. 'प्रगणिका' कुणी म्हणत नाही. "प्रगणक आल्या होत्या," असंच म्हणतात. म्हणजे नाम आहे तसंच ठेवायचं, लिंग क्रियापदावर सोडायचं. 'मेरी एडवर्ड्स गणक होत्या.' वाचून पाहिलं. बसतंय.

ठरलं: माणूस असेल तिथं 'गणक', यंत्र असेल तिथं 'संगणक', आणि शब्दाचीच गोष्ट असेल तिथं 'कॉम्प्युटर'.

आजच्याच तारखेला, १८ जून १९८० रोजी, लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात शकुंतलादेवींनी तेरा-तेरा आकडी दोन संख्यांचा गुणाकार २८ सेकंदांत सांगितला होता. त्यांना जग 'ह्यूमन कॉम्प्युटर' म्हणायचं. मेरी एडवर्ड्सच्या काळी हे ऐकून लोकांनी विचारलं असतं, "ह्यूमन कशाला लावलंय?" यंत्र शब्दात इतकं बसलं होतं की माणसाला आत शिरायला विशेषण लागलं. हा शेवटच्या फलकाचा मजकूर होऊ शकतो.

२२ जून

राधानाथ सिकदर. १८१३ चा जन्म, कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजचा विद्यार्थी. १८३१ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, जॉर्ज एव्हरेस्टच्या हाताखाली त्रिकोणमितीय सर्वेक्षणात लागला. हुद्दा: कॉम्प्युटर. पगार: महिना ३० रुपये. पुढे कलकत्त्याला चीफ कॉम्प्युटर. भारतात हा शब्द यंत्राबरोबर आला असं मी परवा लिहिलंय, ते मला इथं खाली बघून वाचावं लागलं. शब्द सव्वाशे वर्षं आधीच आला होता, सरकारी हुद्दा म्हणून, आणि त्या खुर्चीत बंगाली माणूस बसला होता. मराठी बोलीत तो पोचला नाही इतकंच. तीन तारखेची नोंद तशीच ठेवते, चूक दिसू दे.

शिखर क्रमांक १५, म्हणजे आजचं एव्हरेस्ट, त्याचं काम असं: सपाटीवरच्या सहा ठिकाणांवरून, शंभराहून जास्त मैल दूरून, शिखराचा कोन घेतलेला. प्रकाश हवेत वाकतो, हवा किती गार किती दाट त्यावर कमी-जास्त वाकतो. पृथ्वी गोल, म्हणून शिखराचा काही भाग तिच्या फुगवट्याआड. हे सगळं वजा-अधिक करून खऱ्या उंचीपर्यंत यायचं. १८५६ मध्ये जाहीर झालेला आकडा २९,००२ फूट. २०२० मध्ये उपग्रहांच्या मदतीनं ठरलेली उंची ८,८४८.८६ मीटर, म्हणजे २९,०३२ फुटांच्या आसपास. फरक तीस फुटांचा. शिखराला नाव साहेबाचं मिळालं, ज्यानं ते कधी मोजलं नव्हतं. २००४ मध्ये सिकदरांच्या नावाचं टपाल तिकीट निघालं.

फलकावर न मावणारी एक गोष्ट: हे सर्वेक्षण सुरू करणारा विल्यम लॅम्ब्टन १८२३ मध्ये वर्ध्याजवळ हिंगणघाटला वारला, कबर तिथंच आहे. विदर्भातल्या कुणी जिन्यात विचारलं तर सांगायला ठेवते.

२७ जून

मावशीकडे गेले होते. काम वेगळं होतं, कैरीचं लोणचं आणायचं होतं.

फलकांचं सांगितलं. ती ऐकत होती, मग म्हणाली, "अगं, मी कॉम्प्युटरच होते की."

मला वाटलं, कॉम्प्युटरवर होते असं म्हणायचंय.

"कॉम्प्युटरवर नाही. कॉम्प्युटर. ऑर्डरवर तसंच होतं."

मावशी १९७४ मध्ये एका सरकारी सांख्यिकी कचेरीत लागली हे घरात सगळ्यांना माहीत. हुद्दा काय, हे मी आयुष्यात विचारलं नव्हतं. तिनं लोखंडी कपाटातून फाइल काढली. सेवापुस्तकाची झेरॉक्स, पिवळी पडलेली. पदनाम: कॉम्प्युटर. इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटी 'ई-आर' नाही, 'ओ-आर'. तिला इतकी वर्षं वाटत होतं की टायपिस्टनं चूक केली. चूक नव्हे. जनगणनेच्या कचेऱ्यांतही हे पद याच स्पेलिंगनं होतं.

मग दोन तास ती बोलत होती आणि मी लिहीत होते.

टेबलावर हातानं फिरवायचं फॅसिट यंत्र, चौघींत दोन. बेरजेला दांडा पुढे, वजाबाकीला मागे. भागाकार म्हणजे वजाबाक्यांची रांग: भाजक लावायचा, दांडा मागे मागे फिरवत राहायचं, संख्या शून्याखाली गेली की आत टिंग असं घंटी वाजते. वाजली की एक फेरा उलटा द्यायचा, एक घर सरकायचं, पुन्हा सुरू. "दुपारी तीननंतर अख्ख्या खोलीत टिंग टिंग. डोळे मिटले तरी कळायचं कोण भागाकारावर आहे." तक्ता पुरा झाला की शेजारणीकडे तपासायला द्यायचा, तिनं लाल पेन्सिलीनं टिक करायची. आडव्या बेरजांची बेरीज आणि उभ्या बेरजांची बेरीज जुळली तर घरी.

"आणि नाही जुळली?"

"तर शेवटची बस चुकायची."

तिच्या लग्नाच्या वेळी स्थळांना पाठवायच्या कागदावर आजोबांनी लिहिलं होतं: मुलगी सरकारी नोकरीत, कॉम्प्युटर. त्या वेळी कुणी भुवई उंचावली नाही. लोकांनी एवढंच विचारलं, कायम आहे का. पुढे नव्वदच्या दशकात तिच्या मुलाच्या शाळेत आईचा व्यवसाय या रकान्यात तिनं तेच भरलं तर बाईंनी बोलावून घेतलं, "मॅडम, कॉम्प्युटरचा कोणता कोर्स केलाय?" तेव्हापासून ती 'नोकरी' एवढंच लिहायला लागली.

शब्द बदलतो तेव्हा तो कुठल्या तरी रकान्यात, कुणाच्या तरी पेनाखाली बदलतो. मी इतके दिवस लंडन आणि हार्वर्ड धुंडाळत होते.

लोणचं विसरले. उद्या परत जायचं.

१ जुलै

शब्द माणसावरून यंत्रावर घसरला त्या दहा वर्षांचा फलक. तीन टप्पे लावले.

१९३६, इंग्रज गणिती ॲलन ट्युरिंगचा निबंध. त्यात 'कॉम्प्युटर' येतो तो कागद-पेन्सिल घेऊन बसलेला माणूस, आणि त्याच्यासाठी सर्वनाम इंग्रजी 'ही', म्हणजे 'तो'. आज वाचणारा पहिल्यांदा गोंधळतोच. मराठीत मात्र इथं पंचाईत होत नाही, संगणकही 'तो' आणि गणकही 'तो'.

१९४५, अमेरिकी गणिती जॉर्ज स्टिबिट्झ यांचा अहवाल. त्यांनी सरळ व्याख्याच ठरवून टाकली: एकामागून एक क्रिया आपोआप करते ती यंत्रं कॉम्प्युटर, माणसांना यापुढे ऑपरेटर म्हणायचं. शब्द इतक्या कोरडेपणानं काढून घेतलेला क्वचितच दिसतो.

१९४६, फिलाडेल्फियात एनिॲक हा इलेक्ट्रॉनिक संगणक जगाला दाखवला. नावातलं शेवटचं अक्षर 'कॉम्प्युटर'चं. तोफगोळ्याचा जो मार्ग हातानं सोडवायला दिवस मोडायचे, तो या यंत्रानं अर्ध्या मिनिटात दिला. यंत्राला ते शिकवलं सहा जणींनी: के मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान बायलस, रूथ लिक्टरमन. त्याच लष्करी कामावर सहाही जणी आधी कॉम्प्युटर म्हणून लागल्या होत्या. हुद्दा यंत्राला गेला, त्यांना नवा शब्द हवा होता, तो पुढे 'प्रोग्रॅमर' झाला. यादी तयार करून फलकावर सहाही नावं घालणार, नव्वदातले बारा शब्द गेले तरी चालतील.

त्याच्या आधी थोडं, १९३८ पासून, न्यूयॉर्कमध्ये मंदीत बेकार झालेल्या लोकांना कामाला लावून तक्ते करण्याचा सरकारी प्रकल्प चालला होता. बहुतेकांचं शिक्षण बेताचं, म्हणून अधिक संख्या काळ्या पेन्सिलीनं, उणे लाल पेन्सिलीनं. बेरजेच्या गटाला सूचना: काळं अधिक काळं काळंच, लाल अधिक लाल लालच, काळं आणि लाल एकत्र आलं तर कागद पुढच्या गटाला द्या. हे मी भाच्याच्या खेळात घालते. उणे संख्यांची भीती असलेल्या मुलांना फार बरं पडेल.

४ जुलै

आज अनुवादाचं सॉफ्टवेअर वापरून पाहिलं. आळस, दुसरं काही नाही. लँग्लीच्या फलकाचा इंग्रजी मजकूर टाकला. १९४३ मध्ये व्हर्जिनियातल्या लँग्ली विमानसंशोधन केंद्रानं कृष्णवर्णीय स्त्री गणकांचा वेगळा विभाग केला, वेस्ट एरिया कॉम्प्युटिंग. कॅन्टीनमध्ये त्यांच्यासाठी मागचं एक टेबल आणि त्यावर पाटी: 'कलर्ड कॉम्प्युटर्स'.

सॉफ्टवेअरनं दिलं: 'रंगीत संगणक'.

मी हसले, आणि मग हसू गेलं. पाटीतले दोन्ही शब्द बदलून गेलेत. जी पाटी त्या बायकांना रोज जेवताना टोचायची, ती आज दुकानातल्या जाहिरातीसारखी वाचता येते. त्यांच्यातल्या मिरियम मान यांनी एक दिवस ती पाटी उचलून पर्समध्ये टाकली. दुसऱ्या दिवशी नवी. तीही पर्समध्ये. असं बरेच दिवस चाललं, शेवटी पाटी यायची बंद झाली. टेबल मात्र तेच राहिलं. तो विभाग १९५८ मध्ये, नासाच्या स्थापनेबरोबर, मोडला.

या फलकावर भाषांतर करणार नाही. पाटी इंग्रजी उच्चारात, जशीच्या तशी, आणि खाली मराठीत दोन ओळी.

लँग्लीच्याच गणक कॅथरिन जॉन्सन यांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे म्हणून गाळणार होते, पण त्यातला एक शब्द माझ्या कामाचा निघाला. २० फेब्रुवारी १९६२ च्या उड्डाणाआधी अंतराळवीर जॉन ग्लेन म्हणाला, यंत्रानं काढलेले आकडे त्या 'गर्ल'कडून तपासून घ्या. तोवर 'कॉम्प्युटर' म्हणजे आयबीएमचं यंत्र झालं होतं. जॉन्सन बाई तेव्हा ४३ वर्षांच्या. त्यांचा हुद्दा यंत्राकडे गेल्यावर तोंडी व्यवहारात त्यांच्या वाट्याला 'मुलगी' उरली. तशी ती आधीपासून होतीच म्हणा: युद्धकाळात कामाचं माप म्हणून 'किलोगर्ल' असा शब्दच काढला होता, हजार तासांच्या आकडेमोडीचा. किलोमीटर, किलोग्रॅम, किलोगर्ल.

८ जुलै

मुंबईचा फलक आखडता घेतला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतलं देशी बनावटीचं यंत्र, १९६० मध्ये पुरं झालं, नाव जानेवारी १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी ठेवलं, टिफ्रॅक. ग्लेनच्या उड्डाणाआधी महिनाभर. शेवटचं 'क' कॅल्क्युलेटरचं, कॉम्प्युटरचं नाही. म्हणजे तेव्हा दोन्ही शब्द शर्यतीत होते. एवढंच लिहिलं, फोटोला जागा सोडली.

आठवा फलक मावशीचा. शकुंतलादेवी तिच्याखाली दोन ओळींत. मावशीचं नाव घालायचं नाही अशी तिची अट. "हुद्दा घाल. तोच तर विषय आहे तुझा."

मजकूर: "१९७४ मध्ये माझी मावशी कॉम्प्युटर होती. तिच्या टेबलावर हातानं फिरवायचं यंत्र होतं, त्याला कुणी कॉम्प्युटर म्हणत नव्हतं." पुढं घंटी, लाल पेन्सिल आणि शेवटची बस. सत्त्याऐंशी शब्द.

१२ जुलै

डीटीपीवाल्याकडून प्रुफं आली. सात फलक स्वच्छ. सिकदर यांचं 'शिकदार' झालंय एका ठिकाणी, आणि लिक्टरमन यांचा 'क' पडलाय. हिचिन्स बरोबर आलाय, ज्याची मला भीती होती.

आठव्यात पहिलं वाक्य असं: "१९७४ मध्ये माझ्या मावशीकडे कॉम्प्युटर होता."

ऑपरेटरनं स्वतःहून सुधारलंय. लाल पेन घेतलं, वाक्याखाली टिंबं दिली, समासात 'जैसे थे' लिहिलं आणि मूळ वाक्य पुन्हा मोठ्या अक्षरात काढलं. फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवलं.

पाच मिनिटांत फोन.

"मॅडम, ते शेवटच्या बोर्डचं. मावशीच कॉम्प्युटर होती?"

"हो."

"म्हणजे वापरायची?"

"नाही. होती."

पलीकडे जरा वेळ नुसता प्रिंटरचा आवाज.

"बरं. उद्या चारपर्यंत देतो."